मँगनीजचे मिश्रधातू

मँगनीज या धातूच्या इतर धातूंशी, विशेषतः लोह, क्रोमियम, निकेल, तांबे व ॲल्युमिनियम यांच्याशी होणाऱ्या मिश्रणांना मँगनीजचे मिश्रधातू म्हणतात. शुद्ध मँगनीज करड्या-पांढऱ्या रंगाचे, कठीण पण अतिशय ठिसूळ असते. त्याची तार ओढता येत नाही, पत्राही लाटता येत नाही. त्यामुळे एकट्या मँगनीजची वस्तू बाजारात आढळत नाही. पोलादात मात्र ते जवळजवळ सर्वत्र असते. जगात खाणींतून निघणाऱ्या मँगनीजच्या दहा भागांपैकी सुमारे नऊ भाग पोलाद उद्योगातच खर्च होतात. निकेलचा तुटवडा असलेल्या देशांत स्टेनलेस स्टीलमधील निकेलची जागा काही अंशी मँगनीजनेच घेतली आहे. भारत हा अशा देशांपैकी एक. नागपूर जिल्ह्यातील खापा या गावाजवळची गुमगाव खाण आणि तिच्या आसपासचा खनिजपट्टा हा या धातूचा भारतातील एक जुना स्रोत आहे.

मँगनीज आणि मॅग्नेशियम या दोन धातूंच्या नावांत विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो. दोन्ही नावे ग्रीसमधील मॅग्नेशिया या प्रदेशावरून आली असली, तरी धातू अगदी भिन्न आहेत. मॅग्नेशियम हलके असून प्रखर प्रकाश देत जळते. मँगनीज लोखंडाच्या शेजारचे आहे: अणुक्रमांक २५, लोखंडाचा २६. वजनानेही ते लोखंडाच्या जवळपास आहे. ते प्रथम १७७४ मध्ये स्वीडनमधील योहान गान याने वेगळे केले. नागपूर-भंडाऱ्याकडील बोलीत त्याला 'मॅगनीज' आणि खाणीला 'खदान' म्हणतात.

खापा आणि सौसर पट्टा

खापा हे सावनेर तालुक्यातील कन्हान नदीच्या काठी उंचवट्यावर वसलेले गाव. हातमागाच्या कापडासाठी ते पूर्वीपासून ओळखले जाई. त्याच्या जवळच गुमगावची भूमिगत खाण आहे. (नागपूर-वर्धा लोहमार्गावरील गुमगाव हे स्थानक वेगळे, नावसाधर्म्यामुळे नकाशात शोधणाऱ्याची फसगत होते.) येथून पूर्वेकडे रामटेक तालुका, पुढे भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुका आणि तेथून मध्य प्रदेशातील बालाघाट असा हा मँगनीजचा पट्टा धनुष्यासारखा वळत गेला आहे. भूवैज्ञानिक या खडकांना सौसर गट म्हणतात. हे नाव छिंदवाड्याकडील सौसर या गावावरून पडले.

या खडकांची कथा समुद्रतळापासून सुरू होते. सुमारे अब्ज वर्षांपूर्वी वा त्याहूनही आधी, उथळ समुद्रात वाळू आणि चिखलाबरोबर मँगनीजची ऑक्साइडे थराथराने साचली. पुढे भूकवचाच्या हालचालींत ते थर दाबले गेले, तापले, घड्या पडून उभे-आडवे झाले. जेथे मँगनीजबरोबर वाळू व चिकणमातीची भेसळ होती, तेथे स्पेसर्टाइन नावाचा मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांचा एक खडक तयार झाला. ब्रिटिश भूवैज्ञानिक लुई ली फर्मोर यांनी या भागात राहणाऱ्या गोंड समाजावरून त्या खडकाला 'गोंडाइट' हे नाव दिले. आज जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द वापरला जातो. फर्मोर यांचा भारतातील मँगनीज निक्षेपांवरचा मोठा ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. गुमगाव, कोदेगाव, रामडोंगरी, मनसर, कांद्री, बेलडोंगरी अशा नागपूर जिल्ह्यातील गावांचे तपशील त्यात आहेत. त्याच यादीत रामटेककडचे लोहडोंगरी हे नाव येते. या टेकडीवरचा काळा जड दगड गावकऱ्यांनी लोखंडाचा मानला असावा, असे नावावरून वाटते.

येथील मुख्य खनिज ब्राउनाइट. ते काळसर-करडे, जड व कठीण असते आणि त्यात थोडी सिलिका असते. त्याखेरीज सायलोमेलेन व पायरोलुसाइट ही खनिजे मिळतात. पायरोलुसाइट म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड. ते मऊ असून बोट लावले तरी काजळीसारखे काळे लागते.

या भागात मँगनीजचे उत्खनन १९०० च्या सुमारास सुरू झाले. १८९६ मध्ये ब्रिटनमध्ये नोंदलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या कंपनीचे पुढे १९२४ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी असे नामांतर झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारत मँगनीज खनिजाच्या उत्पादनात रशियाच्या तोडीला येऊन बसला होता. हे उत्पादन मात्र जवळजवळ सगळेच जहाजाने परदेशी जाई. देशात पोलादाचा मोठा कारखाना तेव्हा नव्हताच. १९६२ मध्ये भारत सरकारने कंपनीशी करार करून खाणी ताब्यात घेतल्या आणि मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. तिचे ५१ टक्के भागभांडवल केंद्र शासन आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश ही राज्ये यांच्याकडे होते. उरलेले ४९ टक्के १९७७ मध्ये सरकारने घेतले. २०१० पासून तिचे नाव केवळ 'मॉईल' असे आहे. मुख्यालय नागपुरात असून गुमगाव, कांद्री, मनसर व बेलडोंगरी या नागपूर जिल्ह्यातील, चिखला व डोंगरी बुजुर्ग या भंडारा जिल्ह्यातील आणि बालाघाट जिल्ह्यातील खाणी ती चालवते. २०२३-२४ या वर्षात तिने सुमारे साडेसतरा लाख टन खनिज काढले.

गुमगावसारख्या भूमिगत खाणीत खनिजाचा थर तिरका होऊन खोल उतरत जातो. उभ्या विहिरीतून खाली जाऊन कामगार थराचा एक काप खालून वर असा काढतात. रिकाम्या झालेल्या पोकळीत पाण्याबरोबर रेती सोडून ती भरून घेतात. पाणी निथळून गेले की त्याच रेतीवर उभे राहून वरचा काप घेतला जातो. या पद्धतीत भरावाची रेती नसेल तर खाणकाम पुढे सरकत नाही. नदीची रेती घरबांधणीलाही हवी आणि खाणीलाही, त्यामुळे या भागात तिचे महत्त्व दुहेरी आहे.

खनिजापासून फेरोमँगनीजपर्यंत

पोलादाच्या कारखान्यात मँगनीज शुद्ध रूपात फारसे वापरत नाहीत. लोहाबरोबरचा मिश्रधातू करूनच ते आणले जाते. त्याचे दोन प्रकार मोठ्या प्रमाणावर तयार होतात. फेरोमँगनीजमध्ये साधारण ७० ते ८० टक्के मँगनीज व ६ ते ८ टक्के कार्बन असतो. सिलिकोमँगनीजमध्ये ६० ते ६५ टक्के मँगनीज व १५ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असते.

खनिज, कोक आणि चुनखडी वा डोलोमाइट विजेच्या भट्टीत घालतात. कार्बनचे जाड इलेक्ट्रोड या ढिगात बुडलेले असतात. प्रचंड विद्युतप्रवाहाने आतील वस्तू तापून वितळतात आणि कोकमधील कार्बन ऑक्साइडांतील ऑक्सिजन काढून घेतो. लोहाची ऑक्साइडे सहज मोडतात. मँगनीजची मोडायला अधिक उष्णता लागते व त्यातले काही मँगनीज मळीत राहूनच जाते. ही मळी फेकून देण्याची नसते. तिच्यात मँगनीज भरपूर असल्याने सिलिकोमँगनीजच्या भट्टीत तीच कच्चा माल म्हणून घातली जाते.

खनिजाची प्रत ठरवताना केवळ मँगनीजची टक्केवारी पाहून चालत नाही, हे एका हिशेबावरून समजेल. ७५ टक्के मँगनीजचा फेरोमँगनीज हवा असेल आणि त्यात ७ टक्के कार्बन व १ टक्का सिलिकॉन धरले, तर लोहासाठी १७ टक्के उरतात. म्हणजे धातूत मँगनीज लोहाच्या सुमारे साडेचारपट. पण खनिजातले लोह जवळजवळ सर्व धातूत उतरते आणि मँगनीजचा पाचवा-चौथा हिस्सा मळीत जातो. म्हणून खनिजात मँगनीज लोहाच्या किमान साडेपाच-सहापट असावे लागते. फॉस्फरसचीही हीच अडचण आहे. तोही धातूत उतरतो आणि भट्टीत काढून टाकता येत नाही. म्हणून हलक्या प्रतीचे खनिज उत्तम प्रतीत मिसळूनच खपवावे लागते. पूर्वी ही निवड टोपल्या घेऊन बसलेल्या बायका हातोडीने दगड फोडून करीत. आजही मानवी डोळ्याने केलेली निवड पूर्णपणे संपलेली नाही, जरी मोठ्या खाणींवर यांत्रिक शुद्धीकरणाची संयंत्रे आली आहेत.

एक टन फेरोमँगनीजला साधारण अडीच ते तीन हजार युनिट आणि सिलिकोमँगनीजला सुमारे चार हजार युनिट वीज लागते. त्यामुळे या उद्योगाचे नशीब खाणीच्या तोंडाशी ठरत नाही, ते विजेच्या दरावर ठरते. स्वातंत्र्यानंतर कन्हान आणि तुमसर येथे फेरोमँगनीजच्या भट्ट्या उभ्या राहिल्या होत्या. खनिज हाकेच्या अंतरावर होते, पण महाग विजेपुढे त्या टिकल्या नाहीत. तुमसरचा बंद कारखाना हा तेथील लोकांच्या बोलण्यात आजही येणारा विषय आहे. चंद्रपूर येथे १९७४ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र इलेक्ट्रोस्मेल्ट ही कंपनी १९८६ मध्ये स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाकडे गेली व पुढे तिच्यात विलीन झाली. तो कारखाना फेरोमँगनीज व सिलिकोमँगनीज तयार करतो. मॉईलची स्वतःची फेरोमँगनीजची भट्टी बालाघाटला आहे. एकीकडे विदर्भातील खनिज बाहेर जाते आणि दुसरीकडे देशातील भट्ट्यांसाठी उच्च प्रतीचे खनिज दक्षिण आफ्रिका, गॅबन व ऑस्ट्रेलिया येथून आयात होते. वरवर हे विसंगत वाटते. त्याचे कारण वरच्या हिशेबात आहे.

पोलादात मँगनीजचे कार्य

१८५० च्या दशकात हेन्री बेसेमर याने वितळलेल्या बिडातून हवा फुंकून पोलाद करण्याची पद्धत काढली. ती वेगवान होती, पण अनेकांच्या हाती येणारे पोलाद लाल तापवून ठोकले की तडकत असे. इंग्लंडमधील रॉबर्ट मशेट याने त्यात स्पीगलआयझेन हे मँगनीजयुक्त बीड मिसळून पाहिले आणि हा दोष दूर झाला. रेल्वेचे पोलादी रूळ यानंतरच मोठ्या प्रमाणावर निघू लागले.

दोषाचे मूळ गंधकात होते. गंधक लोहाशी संयोग पावून लोह सल्फाइड बनते, आणि लोहासह ते सुमारे ९८८ अंश सेल्सियसलाच वितळते. पोलाद ठोकण्याचे तापमान त्याहून अधिक असल्याने कणांच्या सीमेवर हा पातळ द्रव पसरतो व घण बसताच पोलाद उकलते. मँगनीज असेल तर गंधक लोहाला सोडून त्याच्याशी जोडले जाते. मँगनीज सल्फाइड सुमारे १६०० अंशांपर्यंत वितळत नाही, आणि गोल-लांबट कणांच्या रूपात पोलादातच विखुरलेले राहते. गंधक जागचे हलत नाही, पण त्याचा उपद्रव संपतो. याबरोबरच मँगनीज वितळलेल्या पोलादातील ऑक्सिजन शोषून घेते आणि पोलादाचे बळही वाढवते. घराच्या स्लॅबमध्ये घालतात त्या सळ्यांत साधारण अर्धा ते एक टक्का मँगनीज असते. जालन्याच्या भट्ट्यांत भंगारापासून सळ्या करताना ते मुख्यतः सिलिकोमँगनीजच्या रूपाने घातले जाते. या कामासाठी मँगनीजला अद्याप दुसरा समाधानकारक पर्याय मिळालेला नाही.

हॅडफिल्डचे पोलाद

मँगनीज दोन-तीन टक्क्यांच्या पुढे वाढवले तर पोलाद ठिसूळ होते, हे जुन्या पोलादकारांना माहीत होते, म्हणून ते तेथेच थांबत. शेफिल्डचा तरुण रॉबर्ट हॅडफिल्ड याने १८८२ मध्ये प्रमाण बारा-तेरा टक्क्यांपर्यंत नेले, कार्बन एक टक्क्याहून थोडा जास्त ठेवला, आणि सर्व अनुभवांच्या उलट गोष्टी घडू लागल्या. लोहाराने तापलेल्या पोलादाला पाणी दिले की ते कठीण होते. हे पोलाद हजार अंशांवर तापवून पाण्यात विझवले तर चिवट होते. त्यात चार भाग लोह असूनही चुंबक त्याला ओढत नाही. आणि ते जितके ठोकावे तितके त्याचे पृष्ठ कठीण होत जाते, आतला भाग मात्र चिवटच राहतो.

याचे कारण स्फटिकरचनेत आहे. लोहाची एक मांडणी, जिला ऑस्टेनाइट म्हणतात, एरवी केवळ उच्च तापमानालाच टिकते. मँगनीज तिला सामान्य तापमानालाही टिकवून धरते. ऑस्टेनाइट चुंबकीय नसतो. आघात झाला की त्याच्या स्फटिकांत असंख्य सूक्ष्म जुळी पाती आणि गुंते तयार होतात व पुढचे सरकणे रोखले जाते. म्हणूनच दगड फोडण्याच्या क्रशरचे जबडे, खाणीतील यंत्रफावड्यांचे दात, चक्कीचे अस्तर या वस्तू या ओतीव पोलादाच्या असतात. वाळूने नुसते घासले जात असेल आणि मार बसत नसेल, तर मात्र हे पोलाद फारसे उपयोगी पडत नाही, कारण त्याला कठीण होण्याची संधीच मिळत नाही. हे न जाणता त्याचा सरसकट वापर करणे चुकीचे आहे.

रेल्वेमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात तेथे चाक खाचेवरून उडी घेऊन पलीकडच्या नाकावर आदळते. हजारो चाकांचे असे आघात झेलणारे भाग भारतीय रेल्वे ओतीव मँगनीज पोलादाचे वापरते. नागपूरला 'डायमंड क्रॉसिंग' पाहायला जाणाऱ्यांनी रुळांच्या चौकटीबरोबर चाकाचा हा आवाजही ऐकण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणे याच पोलादाच्या पत्र्याची होती. तुरुंगाच्या गजांसाठीही ते वापरले गेले, कारण करवत चालवू लागले की गज त्याच जागी अधिक कठीण होतो.

निकेलच्या जागी मँगनीज

लोहात पुरेसे क्रोमियम मिसळले की पृष्ठावर क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा येतो आणि गंज थांबतो. एवढ्यानेच स्टेनलेस स्टील होते. पण त्याला खोल भांड्याचा आकार देता यावा, वितळजोड चांगला बसावा, थंडीतही ठिसूळपणा येऊ नये, यासाठी ऑस्टेनाइट रचना हवी असते. ती मिळवण्याचा उत्तम उपाय म्हणजे निकेल. सर्वाधिक प्रचलित ३०४ या प्रतीत १८ ते २० टक्के क्रोमियम आणि ८ टक्क्यांहून थोडे अधिक निकेल असते. जगातील निकेलचा जवळपास दोन-तृतीयांश भाग स्टेनलेस स्टीलमध्येच जातो.

भारताजवळ निकेल जवळजवळ नाही. ओडिशातील सुकिंदा येथे क्रोमाइटच्या खाणींवरील मातीत ते आहे, पण तेथून व्यापारी प्रमाणावर धातू काढला गेलेला नाही. गोव्यात निकेल व कोबाल्टची उत्पादने करणारा एक कारखाना असून तो २०२१ च्या अखेरीस वेदांता समूहाने घेतला. तेथेही कच्चा माल बाहेरचाच आहे. देशाची गरज मुख्यतः आयातीवर आणि स्टेनलेसच्या भंगारावर भागते. निकेलचा भाव जागतिक बाजारात अचानक चढतो-उतरतो, आणि स्टीलच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो.

मँगनीजही ऑस्टेनाइट टिकवते, हे हॅडफिल्डच्या शोधापासून माहीत होते. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतर कोरियन युद्धाच्या काळात निकेल लष्करी कामासाठी राखून ठेवल्याने अमेरिकेत या ज्ञानाचा उपयोग झाला. अमेरिकेचे 'निकेल' नावाचे पाच सेंटचे नाणेसुद्धा १९४२ ते १९४५ या काळात निकेलशिवाय पाडले गेले. त्यात ५६ टक्के तांबे, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगनीज होते. १९५० च्या दशकात २०१ आणि २०२ या स्टेनलेस स्टीलच्या प्रती मान्य झाल्या. २०१ मध्ये निकेल साडेतीन ते साडेपाच टक्के आणि मँगनीज साडेपाच ते साडेसात टक्के, २०२ मध्ये निकेल चार ते सहा आणि मँगनीज साडेसात ते दहा टक्के असते. अमेरिकेत निकेल पुन्हा मुबलक झाले आणि या प्रती मागे पडल्या. भारतात मात्र त्या रुजल्या. येथे निकेल आणखी घटवून एक टक्क्याच्या आसपास आणलेल्या आणि थोडे तांबे घातलेल्या प्रतीही निघाल्या. भाईंदरसारख्या ठिकाणी तयार होणाऱ्या ताटवाट्यांपासून जिन्याच्या कठड्यांपर्यंत त्या पोहोचल्या. ज्या घरांना एरवी स्टीलची भांडी परवडली नसती, त्या घरांत ती मँगनीजमुळे आली, हे श्रेय त्याला द्यायला हवे.

पण ही अदलाबदल एकास एक नाही. ऑस्टेनाइट टिकवण्यात मँगनीजचे बळ निकेलच्या निम्मे धरतात. त्याचा मोठा उपयोग वेगळाच आहे: मँगनीजमुळे पोलादात नायट्रोजन अधिक विरघळतो, आणि नायट्रोजन थोडासा असला तरी ऑस्टेनाइटला फार मोठा आधार देतो. तरीही निकेल फार कमी केले की तोल राखण्यासाठी क्रोमियमही कमी करावे लागते, ते १८ वरून १५-१६ टक्क्यांवर येते. गंज रोखणारा पापुद्रा क्रोमियमचा असल्याने तो तेवढा कमकुवत होतो. शिवाय मँगनीज सल्फाइडचे जे कण साध्या पोलादाचे रक्षण करतात, तेच स्टेनलेसच्या पृष्ठावर आले की मिठाच्या पाण्यात तेथून खड्डे पडायला सुरुवात होते. कोकण किनाऱ्यावर कठड्यांवर उमटणारे तपकिरी डाग किंवा मीठ-चिंच भरून ठेवलेल्या डब्याच्या तळाशी दिसणारे ठिपके यामागे बहुधा ही दोन कारणे असतात. म्हणजे मँगनीजचे स्टील वाईट नसते. ते कोरड्या आणि सौम्य कामाचे असते. ३०४ च्या नावाने व भावाने ते विकले जाते तेव्हा मात्र ग्राहकाची फसवणूक होते.

दुकानात चुंबक लावून भांडे पारखण्याची रीत सर्वत्र आहे. तिचा या बाबतीत काहीही उपयोग नाही. ३०४ आणि २०१ दोन्ही ऑस्टेनाइट रचनेचे असल्याने चुंबक दोहोंनाही चिकटत नाही. उलट ४३० ही प्रत निकेलशिवाय, पण १६ ते १८ टक्के क्रोमियमची असते. तिला चुंबक घट्ट चिकटतो, तरी गंजरोधात ती एक टक्का निकेलच्या स्टीलपेक्षा बहुधा सरसच ठरते. इंडक्शनच्या शेगडीवर तर चुंबक चिकटणारा तळच लागतो. खोल ओढून केलेल्या ३०४ च्या भांड्याच्या कडेलाही चुंबक किंचित ओढला जातो, कारण ओढताना काही ऑस्टेनाइटची रचना बदलते. मँगनीज ओळखायचे असेल तर भंगारवाले रासायनिक द्रावणाचा थेंब टाकून, छोट्या बॅटरीने प्रवाह देऊन रंग पाहतात. मोठे व्यापारी क्ष-किरणांचे हातयंत्र वापरतात. भांड्यांसाठी भारतीय मानक १४७५६ आहे. लग्नातील आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख आवर्जून कोरली जाते, पण स्टीलची प्रत मात्र फार थोड्या भांड्यांवर उमटवलेली आढळते.

निकेलच्या सोबतीने

काही मिश्रधातूंत मँगनीज आणि निकेल प्रतिस्पर्धी नसून जोडीदार असतात. मँगनिन हे त्याचे जुने उदाहरण. सुमारे ८४ टक्के तांबे, १२ टक्के मँगनीज आणि ४ टक्के निकेल असलेला हा मिश्रधातू एडवर्ड वेस्टन याने १८९२ मध्ये उपयोगात आणला. तार तापली की तिचा विद्युत रोध वाढतो, पण मँगनिनचा रोध नेहमीच्या तापमानात जवळजवळ बदलत नाही. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेतील रोधपेटीत पितळी खुंट्यांखाली दडलेली वेटोळी याच तारेची असतात. विजेच्या मीटरमध्ये प्रवाह मोजणारी पट्टीही बहुधा याच्याच जातीची असते.

फ्रीडरिख हॉइस्लर याने १९०३ मध्ये दाखवलेला तांबे, मँगनीज व ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आणखी विलक्षण आहे. तिन्ही घटकांपैकी एकही चुंबकाला चिकटत नाही, पण मिश्रण चिकटते. निकेल, मँगनीज व गॅलियम यांचा याच कुळातील मिश्रधातू चुंबकीय क्षेत्रात ठेवला की आपली लांबी बदलतो आणि सूक्ष्म हालचाली घडवण्यासाठी त्याचा अभ्यास चालू आहे.

विजेवर चालणाऱ्या वाहनांतील अनेक लिथियम बॅटऱ्यांच्या धनाग्रात निकेल, मँगनीज व कोबाल्ट यांचे संयुक्त ऑक्साइड असते. काटेकोरपणे तो मिश्रधातू नव्हे. निकेल साठवणक्षमता देते, मँगनीज रचना स्थिर ठेवते. साध्या कोरड्या विद्युतघटातील काळी पूड म्हणजेही मँगनीज डायऑक्साइड. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतील खनिज त्यासाठी प्रसिद्ध असून तेथे विद्युत विच्छेदनाने शुद्ध डायऑक्साइड तयार करण्याचे संयंत्रही आहे.

ॲल्युमिनियममध्ये एक-सव्वा टक्का मँगनीज घातले की त्याचे बळ वाढते आणि गंजरोध कमी होत नाही. पातेली, छपराचे पत्रे आणि शीतपेयांच्या डब्यांचे अंग अशाच मिश्रधातूंचे असते. मँगनीजयुक्त पितळ जहाजांच्या पंख्यांसाठी वापरतात.

आरोग्य

मँगनीज शरीराला अत्यल्प प्रमाणात आवश्यक असून धान्ये, चहा व पालेभाज्यांतून ते मिळते. धोका श्वासातून जाणाऱ्या धुळीचा आणि धुराचा आहे. असे मँगनीज वर्षानुवर्षे फुप्फुसांवाटे रक्तात व तेथून मेंदूत साठत गेले की चाल अडखळते, चेहरा भावहीन होतो, आवाज खोल व एकसुरी होतो. ही लक्षणे कंपवातासारखी दिसतात, पण कंपवातावरील नेहमीची औषधे या रुग्णांना फारशी लागू पडत नाहीत. मँगनीज डायऑक्साइड दळणाऱ्या कामगारांत हा विकार १८३७ मध्ये स्कॉटलंडमध्ये प्रथम वर्णिला गेला. खाणकामगारांखेरीज फेरोमँगनीजच्या भट्टीवर धातू ओतणारे आणि बंद जागेत मँगनीजयुक्त इलेक्ट्रोडने वितळजोड करणारे यांना तो होऊ शकतो. खाणीत भोके पाडताना छिद्रात पाणी सोडणे, खोदलेल्या खनिजावर पाणी शिंपडणे, पुरेशी हवा खेळती ठेवणे आणि भट्टीवरचा धूर ओढून घेणे हे त्यावरचे उपाय आहेत. एकदा बळावलेला विकार कामगाराने काम सोडल्यावरही पूर्णपणे मागे हटत नाही. म्हणून चाल, हस्ताक्षर व बोलणे यांतील बदल नियमित तपासणीत आधीच टिपावे लागतात. अक्षर लहान होत जाणे हे त्यांतले एक लवकर दिसणारे चिन्ह होय.